लिंबूवर्गीय फळझाडांवरील पाने पोखरणारी अळी: फवारणी कधी करायची, कधी टाळायची

पावसाळी पालवी फुटली की पंधरा-वीस दिवसांत संत्रा, मोसंबी आणि कागदी लिंबाच्या कोवळ्या पानांवर चांदीसारख्या चकाकणाऱ्या नागमोडी रेघा दिसू लागतात. पाने वाकडीतिकडी होतात, कडा आत वळतात. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकला की तासाभरात तीन-चार औषधांची नावे येतात. दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर चढतो. ही कीड म्हणजे पाने पोखरणारी अळी. तिच्यासाठी होणाऱ्या बऱ्याच फवारण्या उशिरा होतात, आणि मोठ्या झाडांवरच्या बऱ्याच फवारण्यांची तर गरजच नसते. याउलट जिथे खरोखर फवारणी हवी, म्हणजे रोपवाटिकेत, पहिल्या तीन-चार वर्षांच्या बागेत आणि कागदी लिंबात, तिथे ती वेळेवर होत नाही.

म्हणून औषधाचे नाव विचारण्याआधी तीन गोष्टी पाहा: झाडाचे वय किती, पीक कोणते, आणि पालवी आज कोणत्या अवस्थेत आहे. पुढचा सगळा निर्णय या तीन उत्तरांवर आहे.

नाव एक, किडी वेगळ्या

आपल्याकडे या अळीला सरसकट ‘नागअळी’ म्हणतात. टोमॅटो, वाल, वेलवर्गीय भाज्या यांच्या पानांवर ज्या पांढऱ्या रेघा दिसतात, तिलाही नागअळीच म्हणतात. पण भाजीपाल्यावरची नागअळी ही एका बारीक माशीची अळी आहे. लिंबूवर्गीय झाडांवरची अळी पतंगाची आहे. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. रेघा सारख्या दिसल्या तरी टोमॅटोचा उपाय संत्र्याला लागू पडेलच असे नाही. उदाहरण द्यायचे तर पिवळे चिकट सापळे. भाजीपाल्यात नागअळीची माशी त्यावर चिकटते. संत्र्याच्या बागेत त्याच सापळ्यावर सिला दिसेल, पण हा पतंग निशाचर आहे, पिवळ्या रंगाकडे तो येत नाही. सापळा कोरा दिसला म्हणून ‘आपल्या बागेत नागअळी नाही’ असे समजू नका.

पतंग इतका लहान असतो की तो ओळखून पाहिलेले बागायतदार फार थोडे असतील. पंख पसरले तरी चार-पाच मिलिमीटर. रंग चंदेरी पांढरा, पंखांवर तपकिरी पट्टे, आणि पुढच्या पंखांच्या टोकाला एक ठळक काळा ठिपका. दिवसा तो पानांआड बसून राहतो. तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत त्याची हालचाल असते.

अळी पानात नेमके काय करते

मादी एकेक अंडे सुटे घालते, बहुतेक वेळा कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ. पान जितके कोवळे तितके तिला पसंत. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, अजून नीट न उलगडलेले पान तिचे आवडते. पान तीन सेंटीमीटरच्या पुढे वाढून घट्ट होऊ लागले की ती ते सहसा सोडून देते. जून झालेल्या, गडद हिरव्या पानावर तिला काही करता येत नाही.

अंड्यातून निघालेली अळी थेट पानाच्या वरच्या सालीखाली शिरते. त्यानंतर तिचे सगळे खाणे त्याच एका बोगद्यात. ती एका पानावरून दुसऱ्या पानावर जात नाही. ती पानाचा गर कुरतडत नाही, फक्त सालीच्या पेशी फोडून त्यातला रस घेते. वरचा पातळ पापुद्रा तसाच राहतो, त्याखाली हवा शिरते, आणि म्हणून ती रेघ चांदीसारखी चमकते. रेघेच्या मधोमध जी बारीक काळसर ओळ दिसते ती अळीची विष्ठा. पूर्ण वाढलेली अळी पानाच्या कडेला येते, कड दुमडते आणि त्या घडीत कोष करते. पानाच्या कडा वळतात त्या या घडीमुळे आणि सालीची एक बाजू वाढायची थांबते त्यामुळेही.

या पापुद्र्याचा अर्थ फवारणीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. केवळ स्पर्शाने मारणारे कीटकनाशक त्या पडद्याआडच्या अळीपर्यंत नीट पोहोचत नाही.

आता वेळेचा हिशेब करू. उबदार, दमट हवेत, म्हणजे आपल्या जुलै ते सप्टेंबरच्या दिवसांत, अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास साधारण दोन ते अडीच आठवड्यांत पुरा होतो. थंडीत तोच दीड महिन्यापर्यंत लांबतो. पावसाळ्यात अळी पानात खात असते ती जेमतेम आठवडाभर. शेतातून चालताना लांबूनच नजरेत भरतील इतक्या मोठ्या रेघा तयार होतात तेव्हा आतली अळी खाणे संपवत आलेली असते किंवा कोषात गेलेली असते. त्या दिवशी केलेली फवारणी रेघा पुसत नाही, वाकलेले पान सरळ करत नाही. आठ दिवसांनी ‘औषध लागू पडले’ असे वाटते, कारण नव्या रेघा दिसत नाहीत. पण तोवर पालवीच जून झालेली असते, आणि नव्या रेघा तशाही पडल्या नसत्या.

मोठ्या झाडाला किती फरक पडतो

पाच-सहा वर्षांच्या पुढचे, चांगला घेर असलेले, फळावर आलेले संत्र्याचे किंवा मोसंबीचे झाड घ्या. त्याच्या एकूण पानांमध्ये नव्या पालवीचा वाटा थोडा. त्यातल्या काही पानांवर रेघा. शिवाय रेघ पडलेल्या पानाचा गर शाबूत असतो, उरलेले हिरवे पान अन्न तयार करतच राहते. अशा झाडाच्या उत्पादनावर या अळीचा परिणाम सहसा जाणवण्याइतका होत नाही. कॅलिफोर्निया, फ्लोरिडातही फळावर आलेल्या झाडांना या किडीसाठी खास फवारणीची गरज सहसा मानत नाहीत.

इथे फवारणीचा खर्च हा नुकसानीचा लहान भाग आहे. मोठा भाग वेगळाच. बागेत या अळीवर जगणाऱ्या अतिशय बारीक गांधीलमाश्या असतात. त्या बोगद्यातल्या अळीवर अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले अळी संपवतात. सिट्रोस्टायकस ही त्यातली भारतात आढळणारी एक. क्रायसोपर्ला, कोळी (जाळे विणणारे), मुंग्या यांचाही हातभार असतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारले की हे मित्रकीटक आधी जातात, आणि पाठोपाठ फळावरच्या कोळी किडीला मोकळे रान मिळते. सालीवर लालसर-तपकिरी डाग पाडणारा हा ‘लाल्या’ किंवा ‘मंगू’ बाजारात फळाचा दर पाडतो. पानावरच्या निरुपद्रवी रेघांसाठी फवारायचे आणि फळाची साल खराब करून घ्यायची, हा सौदा तोट्याचा.

मित्रकीटकांचे मोल कळायला फ्लोरिडाचे उदाहरण चांगले आहे. हा पतंग मूळचा आशियातला. स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५६ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते कोलकात्याच्या नमुन्यांवरून. १९९३ मध्ये तो फ्लोरिडात सापडला. तिथे त्याचे मुरलेले शत्रू नव्हते, म्हणून बघता बघता तो राज्यभर पसरला. १९९४ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातून एजेनियास्पिस नावाची परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली. आपल्या बागांत असे शत्रू फुकट, न मागता हजर आहेत.

जिथे गाफील राहून चालत नाही: रोपवाटिका आणि नवी बाग

रोपवाटिकेतल्या रोपाला जुनी पाने जवळपास नसतातच. त्याची सगळी पाने म्हणजे नवी पालवी. शेंदुरजना घाट, वरुड, मोर्शी भागातल्या कलमवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर लागोपाठ दोन-तीन पालव्या पोखरल्या गेल्या तर शेंडा खुरटतो, खोड पेन्सिलीच्या जाडीचे होत नाही, डोळा बांधायची वेळ हुकते. एक हंगाम हुकला की रोप तितके महिने जास्त सांभाळावे लागते, पाणी, मजुरी, पिशवी, जागा सगळे त्यात आले. डोळा बांधल्यावर फुटलेला पहिला कोंब तर सगळ्यात नाजूक. तोच पोखरला गेला तर कलम जगूनही वाढत नाही.

बागेत लावल्यानंतरची पहिली तीन-चार वर्षे हेच लागू आहे, फक्त तीव्रता थोडी कमी. या वयात झाडाचा सांगाडा तयार होत असतो. शेंडे वाकडे झाले, फांद्या खुरटल्या तर झाड उशिरा फळावर येते. या दोन ठिकाणी मी फवारणीच्या बाजूने आहे, पण वेळ पाळून.

ती वेळ म्हणजे डोळे फुगून नवे कोंब दोन-तीन सेंटीमीटरचे झाले, पाने अजून पोपटी आणि बोटभरही नाहीत, तेव्हा. यासाठी पालवीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा रोपांमधून फिरा. कोवळे पान उलटे करून भिंगातून पाहा. मधल्या शिरेजवळ पाण्याच्या थेंबासारखे बारीक चपटे अंडे किंवा नुकती सुरू झालेली केसाएवढी रेघ दिसली की समजा वेळ झाली.

पहिली फवारणी मी ५ टक्के निंबोळी अर्काची सांगतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या भरडून रात्रभर नऊ-दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, दुसरीकडे २०० ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात घाला, आणि एकूण द्रावण १०० लिटर करा. अर्क त्याच दिवशी वापरा, फवारणी दुपार टळल्यावर. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, नुसते वरून धुके मारून उपयोग नाही. पालवी चालू असेतो सात ते दहा दिवसांनी पुन्हा. निंबोळीमुळे मादी अंडी घालायला कचरते आणि लहान अळीची वाढ अडते. मोठी अळी तिने मरणार नाही, म्हणूनच ती लवकर मारायची.

प्रादुर्भाव निंबोळीला आवरत नसेल, रोपवाटिकेत निम्म्याहून जास्त कोवळ्या शेंड्यांवर जिवंत अळी दिसत असेल (हा माझा कामचलाऊ आडाखा आहे, विद्यापीठाची शिफारस नव्हे), तर आंतरप्रवाही कीटकनाशक घ्यावे लागते. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल हे या पिकात पाने पोखरणारी अळी आणि सिला यांसाठी वापरात आहे. प्रमाण आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ बाटलीवरच्या लेबलप्रमाणेच ठेवा, आणि लिंबूवर्गीय पिकाची नोंद तिथे आहे ना तेही वाचा. एकाच गटाचे औषध लागोपाठच्या पालव्यांवर फवारू नका. झाडे फुलावर असताना, किंवा शेजारच्या बागेत फुले असताना, या गटाचे औषध अजिबात नको. मधमाश्या मरतात.

शेवटचा मुद्दा आंबिया बहारात अडचणीचा ठरतो, कारण जानेवारी-फेब्रुवारीत पालवी आणि फुले बरोबरच येतात. सुदैवाने त्या वेळी थंडीमुळे या अळीचा जोर कमी असतो. त्या पालवीवर खरी चिंता सिलाची, कारण तो ग्रीनिंग रोग पसरवतो. सिलासाठी तुम्ही डोळे फुटताना, फुले उमलण्याआधी फवारणी करणारच असाल तर तीच या अळीलाही पुरते. वेगळी फेरी नको.

कागदी लिंबू: इथे अळीपेक्षा खैऱ्या महाग पडतो

श्रीगोंद्याकडचे, अकोल्याकडचे लिंबू बागायतदार याला खैऱ्या म्हणतात, पुस्तकात कँकर. हा जिवाणूजन्य रोग. पावसाच्या माऱ्याने आणि वाऱ्याने जिवाणू उडतात, पानाच्या छिद्रांतून आणि जखमांतून आत शिरतात. नागपुरी संत्रा या रोगाला बराच दाद देत नाही, मोसंबी मध्यम, कागदी लिंबू मात्र फारच बळी पडतो.

पाने पोखरणाऱ्या अळीचा इथे संबंध येतो. अळी स्वतः जिवाणू वाहून नेण्यात फारशी पटाईत नाही. पण तिने साल सोलून ठेवलेली असते. पापुद्रा फाटला की आतला गर उघडा पडतो, आणि काटा लागून किंवा वाऱ्याने घासून झालेल्या जखमेपेक्षा ही जखम भरायला जास्त दिवस घेते. एरवी पानावर चार ठिपके पडायचे तिथे रेघेच्या मागोमाग ठिपक्यांची माळ उठते. पानावर वाकड्या रेघेतच खैऱ्याचे खरखरीत डाग दिसले तर तिथे हे दोन्ही मिळून झालेले आहे असे धरा. पुढे त्याच पानांवरून जिवाणू पावसाबरोबर फळांवर उतरतात, आणि डाग पडलेले लिंबू बाजारात कोणी घेत नाही.

लिंबाची आणखी एक अडचण म्हणजे त्याला वर्षभर थोडी थोडी पालवी येतच राहते. त्यामुळे किडीला खंड पडत नाही. म्हणून फळावर आलेल्या संत्र्याला मी जो ‘फवारू नका’ सल्ला देतो, तो पावसाळ्यातल्या कागदी लिंबाला देत नाही. पावसाच्या आधी खैऱ्याग्रस्त वाळक्या फांद्या छाटून जाळा. पावसाळी पालवी फुटताना निंबोळी अर्क मारा, आणि खैऱ्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड ३ ग्रॅम प्रति लिटर पाणी, ही फवारणी वेगळी करा. अळीचे औषध मारले म्हणजे खैऱ्या थांबला असे नाही, आणि नुसत्या ताम्रयुक्त औषधाने अळीच्या जखमा थांबत नाहीत. बागेच्या पश्चिमेला शेवरीसारखी वाराविरोधक ओळ असेल तर दोन्हींचा ताप कमी होतो.

पालवी एकदम यावी यासाठी

या किडीचे सगळे गणित कोवळ्या पानावर आहे. पालवी सगळ्या झाडांवर एकाच वेळी आली आणि तीन आठवड्यांत जून झाली, तर पहिल्या पिढीचे पतंग बाहेर पडतील तेव्हा त्यांना अंडी घालायला पानच सापडणार नाही. पालवी आज इथे, आठ दिवसांनी तिथे अशी फुटत राहिली तर एकामागून एक पिढ्या निघतात.

ताण नीट देणे, ताण तोडताना पाणी बेताने वाढवत नेणे, आणि युरिया थोडा थोडा करून पावसाळाभर टाकत न राहणे, एवढ्याने पालवी बरीच सारखी होते. पावसाळा संपताना दिलेला जादा नत्र सप्टेंबर-ऑक्टोबरची पालवी लांबवतो, आणि ती पालवी अळीचा जोर असतानाच सापडते. खोडावरचे आणि मोठ्या फांद्यांवरचे पाणसोट आणि खुंटावरचे फुटवे वेळोवेळी काढा. ते एरवीही नकोच असतात, आणि अळीला बारमाही कोवळे पान तेच पुरवतात.

पण रेघा पडलेली पाने किंवा शेंडे छाटत बसू नका. छाटणीमुळे पुन्हा नवी पालवी फुटते, म्हणजे किडीला ताट वाढून दिल्यासारखे होते. शिवाय रेघ पडलेले पानही झाडाला अन्न देत असते. अपवाद रोपवाटिकेचा. तिथे रोपे हाताच्या अंतरावर असतात, तेव्हा कडा दुमडून कोष झालेली पाने वेचून नष्ट करता येतात. मात्र शेंडा न मोडता, फक्त पान.

कृषी सहायकांसाठी

फोटो पाहून शिफारस करण्याआधी त्याच शेतकऱ्याला आणखी दोन फोटो मागा: त्याच फांदीच्या अगदी टोकाच्या पानांचा, आणि रेघ पडलेल्या पानाच्या कडेच्या घडीचा. टोकाची पाने पोपटी, लहान आणि त्यावर बारीक रेघा असतील तर अजून वेळ आहे. टोकाची पाने गडद हिरवी झाली असतील आणि घडीत पिवळट-तपकिरी कोष किंवा रिकामे टरफल असेल, तर या पालवीसाठी काही करण्यासारखे उरलेले नाही. पुढची पालवी केव्हा अपेक्षित आहे ते सांगा आणि त्या आठवड्यात पुन्हा फोटो मागा.

प्रत्यक्ष शेतात असाल तर दहा पट भिंग जवळ ठेवा. पान उजेडासमोर धरले की बोगद्याच्या रुंद टोकाला फिकट पिवळसर-हिरवी, चपटी अळी दिसते. सुईच्या टोकाने पापुद्रा उचलून पाहा. अळी हलते का, की सुकून तपकिरी झाली आहे? तिच्या शेजारी दुसरीच लहान अळी किंवा काळसर कोष आहे का? दहा झाडांवरची पन्नास कोवळी पाने अशी पाहिली आणि त्यात मेलेल्या, परोपजीवींनी खाल्लेल्या अळ्या बऱ्याच निघाल्या, तर शेतकऱ्यालाही भिंगातून दाखवा. तोंडी सांगितलेले ‘मित्रकीटक आहेत, फवारू नका’ कोणी मानत नाही. स्वतः पाहिले की बहुतेक जण पंप खाली ठेवतात.